ग्राउंड पोअरमध्ये कोरीव देवनागरी अक्षरं: किकॅडमध्ये नीट कशी काढायची?

पागोळी

दोन लेयरचा सर्किट बोर्ड आहे, १०० × ६० मिमी, १.६ मिमी जाड एफआर-४ (काच-इपॉक्सीचा पत्रा), दोन्ही बाजूंना ग्राउंड पोअर (मोकळ्या जागेत भरलेलं, ग्राउंडला जोडलेलं तांबं). वरच्या बाजूला 'पाऊसमापक' हे नाव तांब्यातून कोरून हवं आहे. म्हणजे आजूबाजूला तांबं आणि अक्षरांच्या जागी काहीच नाही. अक्षरांची उंची ८ मिमी, शब्दाची लांबी साधारण ४० मिमी. किकॅड ९ (सर्किट बोर्ड आखायचं सॉफ्टवेअर) वापरतोय.

वरच्या कॉपर लेयरवर टेक्स्ट टाकला की नेमकं उलटं होतं. अक्षरं तांब्याची राहतात आणि पोअर त्यांच्यापासून अर्धा मिमी लांब सरकतो. अक्षरांच्या आकाराचा रूल एरिया (तांबं भरू नये म्हणून आखलेली जागा) काढून पाहिला, तर 'प'च्या पोटातलं तांबं नाहीसं होतं आणि 'प' म्हणजे नुसता ठोकळा दिसतो.

प्रश्न तीन. सरळ पद्धत कुठली? पोटातलं तांबं टिकवायचं कसं? आणि अक्षराची रेघ किमान किती जाड हवी? पहिले दोन बोर्ड घरी एच करणार (नको ते तांबं रसायनात विरघळवून), नंतर २० नग फॅबकडून, म्हणजे बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याकडून.

सिल्कवर (बोर्डावरच्या छापील शाईत) का नाही, असं विचाराल म्हणून आधीच सांगतो: घरच्या बोर्डाला सिल्क नसतं, आणि मागून एलईडी लावून अक्षरं उजळवायची आहेत.

तांबट

पहिल्याचं उत्तर एका चौकटीत आहे. टेक्स्टवर क्लिक करा, ई दाबा, गुणधर्मांच्या खिडकीत 'नॉकआउट'वर खूण करा. ही सोय किकॅड ७ पासून, म्हणजे २०२३ पासून आहे. त्याने टेक्स्टभोवती तांब्याची पेटी तयार होते आणि अक्षरं तिच्यातून वजा होतात. मग बी दाबून झोन (पोअरची आखलेली जागा) पुन्हा भरा. पोअर पेटीला येऊन मिळतो आणि कापलेली जागा अक्षरांपुरतीच राहते. पेटीभोवती फट राहिली तर तुमची आवृत्ती जुनी आहे, मग रूल एरियाचाच रस्ता धरावा लागेल.

फॉन्ट बदलायला विसरू नका. किकॅडचा स्वतःचा फॉन्ट रेघांचा आहे, त्याला जोडाक्षरं आणि मात्रा जुळवता येत नाहीत. सिस्टिममधला देवनागरी फॉन्ट निवडलात तर सगळं जागच्या जागी बसतं.

डीआरसीने (किकॅडच्या नियम-तपासणीने) पेटी आणि पोअर एकमेकांवर आल्याबद्दल कुरकुर केली तर ती नोंद अपवाद म्हणून टाका. पेटीला नेट (ते तांबं कुठल्या जोडणीचं, ती नोंद) नसतं, एवढाच मुद्दा असतो.

रामभरोसे

एवढा खटाटोप? शिलाहारांनी ताम्रपट कोरले तेव्हा डीआरसी नव्हतं म्हणून बरं.

एकऔंस

धागाकर्ते, एक गोष्ट निसटली आहे. मागच्या बाजूलाही ग्राउंड पोअर आहे असं तुम्हीच लिहिलंय. मग एलईडीचा उजेड पुढे येणार कुठून? ३५ मायक्रॉन तांब्यातून काडीचाही प्रकाश येत नाही.

मागच्या लेयरवर शब्दाच्या मागे पूर्ण आयत मोकळा करा, चारी बाजूंनी २-३ मिमी जास्त, म्हणजे साधारण ४५ × १३ मिमी. त्यासाठी साधा आयताकृती रूल एरिया घ्या आणि फक्त 'झोन भरू नये' यावर खूण करा. त्या आयतातून ट्रॅक (तांब्याची जोडरेघ) नेऊ नका, त्याची सावली अक्षरांत दिसते.

दुसरं, एलईडी. नेहमीचा एसएमडी (पृष्ठभागावर बसणारा) एलईडी बोर्डापासून बाहेरच्या दिशेला उजेड टाकतो. याच बोर्डाच्या मागे बसवायचा असेल तर रिव्हर्स माउंट (बोर्डाच्या दिशेला उजेड टाकणाऱ्या) प्रकारचा घ्या, नाहीतर एलईडींची वेगळी पट्टी मागे ५-६ मिमी अंतरावर ठेवा. अगदी चिकटून ठेवली तर अक्षरांत ठिपके दिसतात.

पागोळी

@एकऔंस, अरे देवा. मागच्या पोअरचं डोक्यातच आलं नाही. धन्यवाद.

@तांबट, नॉकआउट चाललं! आणि गंमत म्हणजे त्यात 'प'चं पोट जागेवर आहे. रूल एरियात मग का जात होतं?

तांबट

कारण मालक वेगळे. रूल एरिया झोनच्या भरावाला भोक पाडतो. भोकाच्या आत उरलेला तुकडा ग्राउंडला कुठेच जोडलेला नसतो, म्हणून झोन त्याला बेट समजून पुसून टाकतो. झोनच्या गुणधर्मांत 'बेटं काढा' असा पर्याय आहे आणि तो मुळात 'नेहमी' वर असतो. तो 'कधीच नाही' किंवा 'ठरावीक क्षेत्रफळापेक्षा लहान असतील तरच' यावर आणला की पोट परत येतं. पण मग बोर्डावर इतरत्र ट्रॅकांच्या मधे अडकलेली निरुपयोगी बेटंही परत येतात. म्हणून नावापुरता छोटा वेगळा झोन काढा, त्याची प्राथमिकता मोठ्या झोनपेक्षा जास्त ठेवा आणि सेटिंग फक्त त्यालाच द्या.

नॉकआउटमध्ये मात्र ते पोट पेटीचा भाग असतं. झोनचा त्याच्यावर हक्क नाही, म्हणून ते टिकतं.

वेलांटी

देवनागरीत हे प्रकरण रोमनपेक्षा जास्त पेटतं, कारण शिरोरेघ. रोमनमध्ये बंद पोटं मोजकीच असतात. आपल्याकडे वरून रेघ आली की उघडी अक्षरंही बंद होतात. तुमचाच शब्द घ्या:

पा: 'प'चं पोट बंद, डावी रेघ, खालचा बाक, दंड (उभी रेघ) आणि वर शिरोरेघ. काना मात्र खालून उघडा, त्यामुळे दंड आणि कान्यामधलं तांबं बोटासारखं खालून जोडलेलं राहतं.
स: आडवी रेघ दंडाला मिळते, वरचा कप्पा बंद.
मा: तसंच. शिवाय डावीकडची गाठ.
प: पुन्हा एक.
क: डावा वाटोळा भाग बंद.

म्हणजे पाच बेटं नक्की, 'म'च्या गाठीत भोक असलेला फॉन्ट असेल तर सहा. 'ऊ' बहुतेक फॉन्टांत उघडा असतो.

गाठीतलं भोक ८ मिमी उंचीला टाचणीच्या टोकाएवढं येतं. ते मुद्दाम बुजवा, म्हणजे गाठ भरीव अक्षराचा भाग होऊ द्या. वाचायला काही फरक पडत नाही.

लहरी

बेटं राहू द्या, माझी तक्रार शिरोरेघेबद्दल आहे. ४० मिमी लांबीची अखंड चीर तुम्ही ग्राउंडमध्ये पाडताय, आणि आता मागूनही आयत मोकळा केलात. पाऊसमापकात वाय-फाय आहे का?

असेल तर हिशेब करा. २.४ गिगाहर्ट्झला हवेतली तरंगलांबी १२५ मिमी, अर्धी ६२.५. चिरेच्या एका अंगाला एफआर-४, दुसऱ्या अंगाला हवा, म्हणून सरासरी धरून परिणामी डायइलेक्ट्रिक स्थिरांक २.७ च्या आसपास. त्याच्या वर्गमुळाने भागलं की ३८ मिमी. तुमची शिरोरेघ ४०. म्हणजे नाव नाही, स्लॉट अँटेना (रेडिओलहरी फेकणारी चीर) कोरताय.

एकऔंस

@लहरी, २.७ पूर्ण येणार नाही. बोर्ड १.६ मिमी जाड आहे, अर्धी दुनिया एफआर-४ ने भरलेली नाही. खरी लांबी ३८ आणि ६२ च्या मधे कुठेतरी पडेल. पण मुद्दा मान्य, ४० च्या आसपासची चीर वाय-फायच्या शेजारी नकोच.

पागोळी

वाय-फाय मॉड्यूल आहे, डाव्या कडेला. नाव उजव्या कडेला. मधे बरंच अंतर.

लहरी

मग जीव भांड्यात पडला. तरी तीन गोष्टी करा. आयताच्या भोवती ५-६ मिमी अंतराने ग्राउंडचे व्हाया (दोन्ही बाजू जोडणारी तांब्याची भोकं) ठेवा, दोन्ही पोअर शिवल्यासारखे राहतील. त्या भागावरून कुठलाही वेगवान सिग्नल नेऊ नका. परतीचा प्रवाह ट्रॅकच्या खालीच वाहू पाहतो, वाटेत चीर आली की वळसा घालतो, आणि तो वळसा म्हणजेच रेडिओलहरी बाहेर सुटायची वाट. तिसरं, शिरोरेघ अक्षराअक्षरांत तोडा. चीर ७-८ मिमीच्या तुकड्यांत आली की २.४ गिगाहर्ट्झला तिच्याशी काही देणंघेणं राहत नाही.

वेलांटी

शिरोरेघ तोडायची?! उद्या म्हणाल काना काढा, पॉवर वाचेल.

रिकामटेकडा

गुजरातीत लिहा. शिरोरेघच नाही, प्रश्नच मिटला.

वेलांटी

@रिकामटेकडा, मग मोडीत का नको? मोडीत तर आधी पानभर रेघ आखायची आणि मग तिला अक्षरं लटकवायची. १०० मिमीचा बोर्ड कडेपासून कडेपर्यंत दोन तुकडे.

गंभीरपणे: तोडणं इतकंही वाईट दिसत नाही, जर फट सारखी असेल. इंकस्केपमध्ये (रेखाचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये) अक्षरांतलं अंतर थोडं वाढवलं की प्रत्येक अक्षराची रेघ आपोआप सुटी होते. 'पा' आणि 'मा' कान्यासकट एकत्र राहतात, म्हणून सहा तुकडे आणि मधे पाच पूल. पूल ०.४ मिमीचा ठेवा. ०.२५ हून बारीक ठेवलात तर झोन तो स्वतःच खाऊन टाकेल, कारण झोनची किमान रुंदी मुळात ०.२५ मिमी असते.

पण लक्षात घ्या, अंतर वाढवून फक्त लांब चीर तुटते. 'प'चं पोट 'प'च्याच रेघेने बंद आहे, ते बेटच राहतं.

टाचणभर

पोटालाही पूल द्या की. गोणीवर नाव छापायचा पत्र्याचा साचा असतो, त्यात हाच प्रश्न. पोटाचा तुकडा गळून पडू नये म्हणून साचा कापणारा अक्षरात जागोजागी खांब ठेवतो. 'प'चा बाक दंडाला मिळतो तिथे अर्ध्या मिमीचा खांब ठेवला की आतलं तांबं ग्राउंडला जोडलं, बेट नाही, तरंगतं तांबं नाही, डीआरसी शांत. शिवाय अक्षराचा आकार एकाच बंद रेघेचा होतो, आत भोक राहत नाही, त्यामुळे रूल एरियात रूपांतर करताना भोकाची कटकटच येत नाही.

वेलांटी

+१. खांब शिरोरेघेत ठेवू नका, बाकाच्या सांध्यात ठेवा. शिरोरेघेतली फट लगेच डोळ्यात खुपते. 'क'चा खांब वाटोळ्याच्या खालच्या अंगाला, दंडाजवळ.

तांबट

माझं मत वेगळं. पाच-सहा चौरस मिमीचं तरंगतं तांबं या बोर्डावर काय बिघडवणार आहे? कमी व्होल्टचा बोर्ड, आसपास सिग्नल नाही. अक्षराचं रूप बिघडवण्याइतकं कारण नाही. बेटं तशीच ठेवा.

एकऔंस

इथे चालेल. मेन्सच्या बोर्डावर मात्र बेट ठेवू नका. २३० व्होल्टची बाजू आणि सुरक्षित बाजू यांच्यामधल्या जागेत कोरीव नाव टाकलं, तर तरंगतं तांबं पृष्ठभागावरच्या अंतरातून वजा होतं. कागदावर ८ मिमी दिसतात, त्यातले ३ मिमी बेटांनी खाल्ले तर हाती उरले ५. अशा जागेत कोरीव नको आणि उठाव (तांब्याची अक्षरं) हीही नकोत. सिल्क वापरा.

आता तिसरा प्रश्न, रेघेची जाडी. फॅबच्या वेबसाइटवर ०.१५ मिमी, म्हणजे ६ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), किंवा त्याहूनही कमी लिहिलेलं असतं. तो आकडा ट्रॅकांसाठी आहे. कोरीव अक्षरांना १ औंस (३५ मायक्रॉन जाड) तांब्यावर ०.२५ मिमी धरा, २ औंसला ०.३५. कारण समजून घ्या.

बाहेरच्या लेयरला बहुतेक ठिकाणी पॅटर्न प्लेटिंग करतात. जिथे तांबं नको तिथे ड्राय फिल्म (उजेडाने पक्का होणारा पातळ पडदा) बसते. उरलेल्या जागेवर तांबं चढवतात, त्यावर कथलाचा थर देतात, मग फिल्म सोलून खालचं मूळ तांबं एच करतात. म्हणजे तुमच्या अक्षराची प्रत्येक रेघ ही त्या वेळी फिल्मची एक बारीक भिंत असते, दोन्ही बाजूंनी तांबं चढत असलेली. भिंत फार अरुंद असेल तर तांबं तिच्या माथ्यावर दोन्हीकडून ओघळतं आणि फिल्म आत अडकते. ती सोलली जात नाही, तिच्याखालचं तांबं एच होत नाही. पाहिलं तर अक्षराची रेघ मधेच बुजलेली.

उलट बाजूचा धोका म्हणजे तांब्याच्या सुया. दोन रेघांमध्ये ०.१ मिमीपेक्षा बारीक तांबं उरलं तर ते चिकटून राहीलच असं नाही. सुटलं तर रसायनात तरंगत दुसरीकडे जाऊन बसतं आणि शॉर्ट करतं. असं काही दिसलं की फॅबवाले ऑर्डर थांबवून विचारतात, किंवा न विचारता स्वतःच बुजवून टाकतात.

टाचणभर

सुयांवरून: इंकस्केपमधून आणणाऱ्यांनी हे वाचाच. देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेघ शेजारच्या अक्षरावर किंचित चढलेली असते, म्हणून पडद्यावर अखंड दिसते. टेक्स्टचा पाथ केल्यावर हे तुकडे वेगवेगळेच राहतात, आणि एकमेकांवर चढलेला भाग काही ठिकाणी भोक म्हणून मोजला जातो. परिणामी दर सांध्यावर शिरोरेघेत तांब्याचा उभा धागा. तुम्हाला हवा असलेला पूल वेगळा, हा नको असलेला.

क्रम असा ठेवा: पानाची एककं मिमी करा. टेक्स्ट, मग ऑब्जेक्ट टू पाथ. अनग्रुप. सगळं निवडून युनियन. (वेलांटींची फट ठेवणार असाल तरी युनियन कराच, 'पा'मध्ये 'प' आणि काना चढलेले असतात.) एसव्हीजी साठवा. किकॅडमध्ये फाइल, इंपोर्ट, ग्राफिक्स, लेयर निवडा. मग आकार निवडून उजव्या क्लिकवरून त्याचा रूल एरिया करा. हे सगळं फुटप्रिंटमध्ये केलं तर नाव लायब्ररीत राहतं आणि पुढच्या बोर्डावर नुसतं ठेवायचं.

रिकामटेकडा

फॉन्ट कुठला? मला मोदक आवडतो.

वेलांटी

खायला का कोरायला? एक टाइपचा मोदक फॉन्ट या कामाला सगळ्यात वाईट. अक्षरं इतकी गुबगुबीत की पोटातली जागा केसाएवढी. कोरीव कामात ते केस म्हणजे तांब्याच्या सुया, वर एकऔंस यांनी सांगितल्याच आहेत. उठाव अक्षरांना घेतलात तर त्याच फटी आणि त्याच फिल्मच्या भिंती.

सारख्या जाडीच्या रेघेचे फॉन्ट घ्या. मुक्ता सेमीबोल्ड किंवा नोटो सान्स देवनागरी. बोरूच्या वळणाचे, जाड-बारीक रेघांचे फॉन्ट सुंदर दिसतात, पण बारीक टोकं गळतात. फॉन्ट निवडला की इंकस्केपमध्ये सगळ्यात बारीक रेघ आणि सगळ्यात अरुंद पोट, दोन्ही मोजा. जे लहान असेल ते ०.३ मिमी होईपर्यंत शब्द मोठा करा. अंदाजाने उंची ठरवू नका.

तांबट

आणि फाइल दुसऱ्या कोणाला देणार असाल तर किकॅड ९ मध्ये फॉन्ट फाइलमध्येच अंतर्भूत करता येतो, ते करा. समोरच्याकडे मुक्ता नसेल तर त्याच्या पडद्यावर दुसराच फॉन्ट येतो, लांबी बदलते, आणि त्याने झोन पुन्हा भरला की तुमचे पूल गेले. गर्बर (फॅबला द्यायची अंतिम फाइल) दिलंत तर ही भीती नाही, त्यात अक्षरं म्हणजे नुसते बहुभुज.

जुनाजाणता

बाकीच्या सॉफ्टवेअरवाल्यांसाठी थोडक्यात.

ईगल: टेक्स्ट वरच्या बाजूसाठी टी-रिस्ट्रिक्ट (४१) किंवा खालच्यासाठी बी-रिस्ट्रिक्ट (४२) लेयरवर टाका, फॉन्ट व्हेक्टर ठेवा, रॅट्सनेस्ट (पोअर पुन्हा भरायची आज्ञा) चालवा. पोअर आपोआप कापला जातो. ऑटोडेस्कने ईगलसाठी ७ जून २०२६ ही शेवटची तारीख २०२३ मध्येच जाहीर केली होती, तेव्हा नवं काम त्यात सुरू करू नका.

अल्टियम: स्ट्रिंगला ट्रूटाइप फॉन्ट द्या, मग 'इन्व्हर्टेड'वर खूण आणि कडेचं अंतर भरा. रेघी फॉन्टला हा पर्याय मिळत नाही.

अवांतर: प्रोटेलच्या (अल्टियमच्या जुन्या अवताराच्या) काळात आतले पॉवर प्लेन निगेटिव्ह काढायचे. तिथे जे काढाल ते तांबं वजा. नुसता टेक्स्ट टाकला की झालं कोरीव नाव. आणि चार लेयरच्या बोर्डात १ २ ३ ४ हे आकडे शेजारी शेजारी, प्रत्येक आकडा आपापल्या लेयरवर आणि बाकी लेयरवर तेवढी खिडकी मोकळी. बोर्ड उजेडाकडे धरला की चारही दिसले पाहिजेत. एखादा उलटा दिसला तर तो लेयर आरशातला लागला आहे, क्रम चुकला तर थरांची अदलाबदल. कोरीव अक्षरांचा खरा उपयोग मला तरी हाच वाटतो, नावं वगैरे हौस.

रामभरोसे

हौसेला मोल नाही, फेरिक क्लोराइडला आहे.

फेरिककाका

माझं नाव निघालं म्हणून येतो. घरच्या दोन बोर्डांबद्दल कोणी बोललंच नाही.

टोनरने (लेझर प्रिंट इस्त्रीने तांब्यावर उतरवून) करणार असाल तर ०.२५ विसरा, ०.४ मिमी धरा. इस्त्रीच्या दाबाने टोनर पसरतो. कोरीव अक्षरात टोनर अक्षराच्या बाहेर असतो, म्हणजे पसरतो तो अक्षराच्या आत. उठाव अक्षर जाड होतं, कोरीव अक्षर बुजतं. आणखी एक, मोठ्या सलग काळ्या भागात टोनर सारखा बसत नाही, पोअरभर सुईची भोकं पडतात. एच करण्याआधी बारीक मार्करने ती बुजवा.

वरच्या लेयरची प्रिंट आरशातली काढायची, खालच्या लेयरची जशीच्या तशी. काना दंडाच्या कुठल्या बाजूला आहे ते प्रिंटवर बघून खात्री करा. कागदावर उलटं, बोर्डावर सुलटं.

ड्राय फिल्म वापरली तर फिल्मच निगेटिव्ह असते. जिथे उजेड पडतो तिथे ती टिकते, म्हणजे पारदर्शक जागी तांबं. इथे हमखास घोळ होतो: कोरीव म्हणून एकदा उलटं केलं, फिल्म निगेटिव्ह म्हणून दुसऱ्यांदा, आणि प्रिंटरच्या खिडकीत निगेटिव्हची खूण म्हणून तिसऱ्यांदा. एकच नियम, ट्रान्सपरन्सीवर अक्षरं काळी आणि पोअर पारदर्शक दिसला पाहिजे.

फेरिक क्लोराइडचं द्रावण ४०-४५ अंश, ट्रे सतत हलता ठेवा. अरुंद चिरेत ताजं द्रावण पोचत नाही, त्यामुळे बाकी बोर्ड साफ झाला तरी शिरोरेघेच्या तळाशी तांब्याचा गुलाबी पापुद्रा उरतो. तिथे मऊ ब्रशने हळू घासा. सगळं साफ व्हायची वाट बघत बोर्ड आत ठेवलात तर इतर ट्रॅक कडांनी खाल्ले जातात. वापरलेलं द्रावण मोरीत ओतू नका. धुण्याचा सोडा थोडा थोडा घालून फेस थांबेपर्यंत शमवा आणि गाळ वेगळा ठेवा.

आणि बोर्ड ग्लास इपॉक्सीच आणा. पुण्याच्या तपकीर गल्लीत स्वस्त म्हणून तपकिरी पेपर फिनॉलिक उचललंत तर उजेड विसरा.

रिकामटेकडा

तपकीर गल्लीत तपकिरी बोर्ड. प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे) करायला हवं होतं, पण राहवलं नाही.

पागोळी

सगळ्यांचे आभार. आता ठरवलेलं असं: फॅबच्या बोर्डाला मुक्ता सेमीबोल्ड, 'पा ऊ स मा प क' असे सहा तुकडे, ०.४ मिमीचे पाच पूल, पोटातली बेटं तशीच. घरच्या दोन बोर्डांना तेच, पण शब्द १० मिमी उंच. मागे मोकळा आयत, भोवती व्हाया.

दोन शंका उरल्या. सोल्डर मास्क (बोर्डावरचा रंगीत संरक्षक थर) अक्षरांवर ठेवू की काढू? आणि गर्बर बघताना प्रत्येक बेटाभोवतीच्या कोरीव जागेतून नाही, पण पोअरमध्ये अक्षरापासून बाहेरच्या कडेपर्यंत एक केसासारखी रेघ जाताना दिसते. ती चीर आहे का?

एकऔंस

मास्क: ठेवलात तर उजेड मास्कच्या रंगाचा येईल, हिरवा मास्क तर हिरवा. काळ्या मास्कमधून जवळजवळ काहीच येत नाही. काढलात तर एफआर-४ चा पिवळट उजेड. काढायचा असेल तर तोच टेक्स्ट कॉपी करून मास्क लेयरवर टाका, नॉकआउटची खूण काढून, कारण मास्क लेयरवर काढलेलं म्हणजेच उघडं. मागच्या बाजूलाही आयत मास्कमधून उघडा.

पण मास्क तांब्याशी तंतोतंत जुळत नाही, ०.०५ ते ०.१ मिमी सरकतो. अक्षराच्या एका अंगाला चकचकीत कड दिसते आणि दुसऱ्या अंगाला नाही. इंकस्केपमध्ये मास्कचा आकार सगळीकडून ०.१ मिमीने आत घ्या, कड दिसणार नाही. पेटीभर मास्क उघडायचा मोह झाला तर हॅसल फिनिश (उघड्या तांब्यावर सोल्डरचा थर) नको, वितळलेलं सोल्डर ०.३ पेक्षा अरुंद फटींवर पूल बांधतं. एनिग (निकेलवर सोन्याचा थर) घ्या.

तांबट

दुसऱ्या शंकेचं: ती चीर नाही. किकॅड भोक असलेला बहुभुज गर्बरमध्ये लिहिताना भोकाची कड बाहेरच्या कडेला एका रेघेने जोडतो, जातानाची आणि येतानाची रेघ एकाच जागी. रुंदी शून्य. दर्शक नुसत्या बाह्यरेषा दाखवत असेल तरच ती दिसते. भरीव दाखवायला सांगा, नाहीशी होईल. भरीव करूनही राहिली तर ती खरी आहे, मग रूल एरियात कुठेतरी कोपरा निसटलाय.

आणि तिथेच असताना बेटं मोजा. पाच हवीत.

पागोळी

भरीव केल्यावर रेघ गेली. बेटं सहा आली.

वेलांटी

'म'ची गाठ. बुजवा म्हटलं होतं ना.